भिंग एकाचं, पेटी दुसऱ्याची

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण गोष्ट दोन पुरुषांची आहे, आणि दोघांनाही 'हे' आणि 'ते' म्हणत बसले तर ऐकणाऱ्याला कोण कुठला ते काय कळणार? म्हणून घेते. माझ्या नवऱ्याचं नाव गोविंदा. आणि एकदा नाव घेतलंच आहे तर अहोजाहोही सोडते, कारण या गोष्टीत तो जसा वागला त्याला अहोजाहो शोभत नाही.

माझं माहेर कल्याणचं, सातवी झालेली मी. लग्न होऊन आले ती दिवा आणि डोंबिवलीच्या मधल्या खाडीकाठच्या गावात. वरच्या अंगाला आम्ही आगरी, खालच्या अंगाला कोळीवाडा. गोविंदा मिठागरावर मुकादम. मिठाचं काम म्हणजे पाणी कोंडायचं, वाट बघायची आणि मधे हात लावायचा नाही. त्याचा स्वभावही तसाच बनला. गुणाजी कोळीवाड्यातला. भरतीचं पाणी चढलं की होडीत उडी मारायची, विचार नंतर करायचा. शाळेत असल्यापासून दोघांचं मेतकूट. मी सासरी आले तेव्हा पहिल्या पंगतीला नवऱ्याच्या शेजारी मी नव्हते, गुणाजी होता.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी ठाण्याच्या तलावपाळीवरचा एक म्हातारा फोटोवाला दुकान बंद करत होता. हे दोघे काही कामाने तिकडे गेले आणि लाकडी कॅमेरा डोक्यावर घेऊन परत आले. गुणाजीचं नवं जाळं त्या वर्षी राहिलं आणि आमच्या गोठ्यात दुसरा बैल यायचा तोही राहिला. गुणाजीच्या बायकोने, ठमाने, चार दिवस चूल पेटवली नाही म्हणे. मी पेटवली, पण मीठ घातलं नाही. मिठागराच्या मुकादमाला अळणी जेवण, एवढं पुरेसं होतं.

कॅमेरा कसला, देव्हाऱ्याएवढी पेटी होती ती. मागे धुरकट काच, मधे लोहाराच्या भात्यासारखा चामड्याचा भाता आणि पुढे भिंग. भिंग एका लाकडी फळीत बसवलेलं, ती फळी पेटीच्या तोंडात सरकवायची. भिंगावर पितळी टोपी. टोपी काढली की फोटो सुरू, लावली की संपला. गोविंदा काळ्या फडक्यात डोकं घालून सगळं नीट बघायचा, मग धुरकट काच काढून फोटोची काच बसवायचा आणि पेटीवर टिचकी मारायचा. की पुढे उभा असलेला गुणाजी टोपी उचलायचा आणि मोजायचा. आकड्यांत नव्हे. "लाट आयली, लाट गेली," असं म्हणायचा. ऊन असेल तर एक लाट, ढग असेल तर दोन. तेवढा वेळ माणसाने हलायचं नाही.

आता आमच्याकडच्या माणसाला हलू नको म्हटलं की तो मयताला आल्यासारखा चेहरा करतो. तिथे गुणाजी लागायचा. तो टोपी उचलायच्या आधी असं काही बोलून ठेवायचा की माणूस आतून हसलेला असायचा आणि बाहेरून थांबलेला. ही कला गोविंदाला सात जन्मांत आली नसती. आणि गुणाजीला पेटी सरळ उभी करता आली नसती. त्याने लावलेली तिवई बघून कोंबडीसुद्धा हसली असती.

लग्नं, बारशी, हळदी, सगळीकडे दोघांना बोलावणं यायला लागलं. आणि दर वर्षी शिमग्याला, धुळवडीच्या सकाळी, माती अंगाला लागायच्या आत, सगळा गाव मिठागराच्या बांधावर उभा करून हे फोटो काढायचे. तो नेम त्यांनी कधी चुकवला नाही. एका वर्षी गोविंदा तापाने फणफणला होता, तर गुणाजीने त्याला पाठीवर घेऊन बांधावर नेलं. त्या फोटोंत गावची कुत्रीसुद्धा आहेत.

मग दामाजी पाटलाच्या मुलीचं, जयाचं, लग्न आलं. वैशाखातलं. दामाजी म्हणजे गावचा पंच, आणि व्याही आंबिवलीचे काळुराम, मोठ्या झुपकेदार मिशांचे. काळुराम खुर्चीवर बसले, गोविंदाने टिचकी मारली, गुणाजीने टोपी उचलली आणि त्याच दमात व्याह्यांकडे बघून काहीतरी पुटपुटला. काळुराम हसू आवरता आवरता डावीकडे गेले, उजवीकडे गेले आणि परत मधे आले. काच धुतल्यावर बघतो तर खुर्ची एक, माणूस एक, आणि तोंडं तीन. मिशाही तीन.

बिघडलेली काच गोविंदा घरात ठेवत नसे. फोडायची आणि खाडीत टाकायची, हा त्याचा नियम. आपल्या हातचा वाईट फोटो कुणाच्या घरी जाता कामा नये, म्हणायचा. ही काच तो फोडणार, त्याच्या आधी गुणाजीने तिच्यावरून गुपचूप कागदावर फोटो उतरवला आणि आंबिवलीला पाठवून दिला. त्याला वाटलं, मजेची गोष्ट आहे, मजेने घेतील. पण दामाजीला कळलं तेव्हा त्याचं टाळकं सरकलं. माझ्या व्याह्याची थट्टा केली म्हणाला. आणि गोविंदा तर दामाजीहून जास्त भडकला. गुणाजीला म्हणाला, तुला फोटो म्हणजे तमाशा वाटतो. गुणाजी म्हणाला, तुला माणसं म्हणजे मिठाचे ढीग वाटतात. पाच वर्षांत एकमेकांना न बोललेलं सगळं त्या दिवशी बोलून झालं. शेवटी दोघांनी एकच मागणी केली, वाटणी.

आमच्या पंचांनी शेतं वाटली आहेत, होड्या वाटल्या आहेत, एका म्हशीचं सकाळचं दूध एका भावाला आणि संध्याकाळचं दुसऱ्याला असंही करून दिलं आहे. कॅमेऱ्याची वाटणी कुणी बघितली नव्हती. पण रीत ती रीत. मोठ्याने वाटे घालायचे, धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे मोठा लबाडी करत नाही. हे काही भाऊ नव्हते, पण गोविंदा सहा महिन्यांनी मोठा, तेव्हा वाटे त्याने घालायचे ठरले.

मला वाटलं, एका बाजूला कॅमेरा ठेवील आणि दुसऱ्या बाजूला काचा, औषधाच्या बाटल्या, तबकं, लाल कंदील. कुणीही शहाण्याने हेच केलं असतं. गोविंदाने काय करावं? पेटीच्या तोंडातली फळी ओढून काढली. एका बाजूला पेटी, तिवई, तबकं आणि कंदील ठेवला. दुसऱ्या बाजूला भिंग, काचा आणि बाटल्या. काळं फडकं उरलं, तर त्याचे सर्वांसमक्ष दोन तुकडे केले. गुणाजी बराच वेळ दोन्ही ढिगांकडे बघत राहिला, मग भिंगाचा ढीग उचलून चालू पडला. एकाकडे डोळा आणि दुसऱ्याकडे खोबण. मी कपाळावर हात मारला.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते सांगते. गोविंदा मिठागरावरून यायचा, पेटी फळीवरून खाली काढायचा, भात्याला तेलाचा हात लावायचा, झुरळं चामडं खातात म्हणून आत कडुनिंबाचा पाला ठेवायचा आणि परत वर ठेवून द्यायचा. जेवायला बसला तरी लक्ष फळीवर. मी भाजी बदलून बघितली, सुकटाची चटणी केली, कल्याणहून पेढे आणले. खायचा, पण काय खाल्लं विचारलं तर सांगता येत नसे. मला त्याचा राग आला होता आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. माणूस घरात असून नसला तर बाईने कुणाशी भांडायचं?

तिकडची खबर ठमा द्यायची. ती मासळी घेऊन डोंबिवलीच्या बाजारात बसायची, मी मिरच्या-वांगी घेऊन तिच्या शेजारी. नवरे बोलत नसले तरी आमची वाटणी कुणी केली नव्हती. गुणाजीने भिंग भाजलेल्या तांदळांच्या डब्यात ठेवलं होतं, दमट हवेने बुरशी धरू नये म्हणून. रोज काढून मऊ फडक्याने पुसायचा, त्यातून घरातल्या वस्तू बघायचा आणि उसासे टाकायचा. मी विचारलं, डोंबिवलीच्या सुताराकडून दुसरी पेटी का नाही करून घेत? ठमा म्हणाली, सुतार स्वतः विचारायला आला होता, त्याला हाकलून दिला. मला हसू आलं, कारण मुंबईला स्वस्तात भिंग मिळतं असं सांगणाऱ्या माझ्या भावाला गोविंदाने पाण्याचंही विचारलं नव्हतं.

शिमगा जवळ आला. जया लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्याला माहेरी येणार, आणि बांधावर फोटो होणार की नाही हे कुणी विचारायचं धाडस करेना. एवढ्यात गुणाजी भिंग खिडकीत उन्हाला ठेवून विसरला आणि पलीकडे वाळत घातलेल्या ठमाच्या हिरव्या लुगड्याला भोक पडलं. बाजारात आली ती ते भोक दाखवतच. म्हणाली, "आता या भिंगाचा कायतरी केलाच पायजे." मी म्हटलं, नवरे काढत नाहीत तर आपणच फोटो काढू या.

गोविंदा मिठागराच्या शेठच्या कोर्टकामाला ठाण्याला गेला, गुणाजी भरतीबरोबर खाडीत गेला, त्या दिवशी ठमा मासळीच्या पाटीत केळीच्या पानाखाली भिंग घेऊन आली. काच आणि बाटल्याही आणल्या. दोघींनी बसून काळ्या फडक्याचे दोन तुकडे धावदोऱ्याने जोडले. मग पेटी तिच्या डोक्यावर, तिवई माझ्या खांद्यावर, अशा निघालो बांधावर. कुणी विचारलं तर काय सांगायचं तेही ठरवलं होतं, पण भर दुपारी कोण विचारणार.

पहिल्यांदाच मी त्या फडक्यात डोकं घातलं. धुरकट काचेवर सगळं उलटं होतं. खाडी वर, आभाळ खाली, मिठाचे पांढरे ढीग छताला टांगलेले, आणि त्यांच्या मधे ठमा डोकं खाली करून पाटीवर बसलेली. पण रंग असे की डोळे भरून आले. बाहेर रणरणतं ऊन, आत नुसता गारवा. मनात आलं, इतकी वर्षं माझा नवरा इथे येत होता आणि मला कधी सांगितलं नाही की इथे असं दिसतं. आणि आता महिनोन् महिने त्याला इथे येता आलेलं नाही. तेव्हा मला त्याची खरी कीव आली. त्याआधी नुसताच राग होता.

काच बसवली आणि मग अडचण कळली. ठमा गप्प बसेना. मी मागून पुढे धावत येऊन टोपी उचलायची आणि ती विचारायची, झाला का? दोन वेळा टोपी उचलून परत लावली. शेवटी मी तिला म्हटलं, तुझ्या नवऱ्याची शपथ आहे. ती म्हणाली, मेल्याची कसली शपथ, आणि तोंड मिटलं. मी लाटा मोजल्या. किती मोजल्या ते घाबरून विसरले.

आमच्या कणगीच्या खोलीला खिडकी नाही. तिथे लाल कंदील लावून, बाहेर उभं राहून इतकी वर्षं जे ऐकलं होतं ते आठवून आम्ही काच औषधात बुडवली. काचेवर ठमा हळूहळू उमटायला लागली तेव्हा ती माझा दंड इतका घट्ट धरून उभी होती की वळ उठला. काच धुऊन कोनाड्यात वाळत ठेवली, ठमा भिंग आणि बाटल्या घेऊन घरी पळाली, आणि आम्ही दोघी फार हुशारीने वागलो असं मला वाटलं.

गोविंदा संध्याकाळी आला. पाणी प्यायला वाकला आणि कोनाड्यात काच दिसली. तांब्या तसाच ठेवला. मला एक शब्द विचारला नाही. आपल्या बायकोला हे जमेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नसणार, त्याचं मला अजून वाईट वाटतं. गुणाजीने माझी पेटी चोरून वापरली, एवढंच त्याला दिसलं. काच हातात धरून तो कोळीवाड्याच्या वाटेला लागला. मी मागे.

तिकडे गुणाजीने डबा उघडला होता. भिंगावर अंगठ्याचा पिवळा ठसा, हळदीचा. घरात मासळीला हळद चोळणारी ठमाच, पण गुणाजीला ते कुठे सुचणार? गोविंदाने माझं भिंग चोरलं, म्हणून तो भिंग घेऊन आमच्या घराकडे निघाला. त्याच्या मागे ठमा. दामाजी पाटलाच्या ओट्यासमोर दोन्ही मिरवणुका भेटल्या.

दोघांनी एकमेकांना चोर म्हटलं. आरडाओरडा ऐकून दामाजी बाहेर आला आणि काय चोरलं ते दाखवा म्हणाला. गोविंदाने काच वर करून आभाळापुढे धरली. तिघेही बघायला लागले. मग गोविंदा म्हणाला की खाडी बघा किती कलली आहे, अशाने सगळं पाणी कल्याणला वाहून जाईल. गुणाजी जवळ सरकला. त्याने भिंग कनवटीला खोचलं आणि म्हणाला की टोपी निदान चार लाटा उघडी होती, मिठाचा नुसता उजेड झालाय. गोविंदा म्हणाला की औषधातून काढायला उशीर केलाय. गुणाजी म्हणाला की हा डाग बोटाचा आहे. बघता बघता दोघांची डोकी एकमेकांना लागली. तिवई वाकडी, नेम वाकडा, सावली मधेच, नाव ठेवायला काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. आणि दोघांचे चेहरे असे खुलले होते की काय सांगू. जगात एवढं वाईट काम कुणी करू शकतं याचा त्यांना अगदी मनापासून आनंद झाला होता.

"ही बाय कोन?" मधेच गुणाजीने विचारलं.

"तुजी बायको," ठमा मागून म्हणाली.

दोघेही वळले. मी पुढे होऊन सांगून टाकलं, पेटी मी नेली, भिंग ठमाने आणलं, आणि तुम्ही दोघे शहाणे भाताच्या कणगीसारखे घरात बसला होतात तेव्हा गावात फोटो काढणाऱ्या आम्ही दोघीच होतो. वाकडा तर वाकडा.

दामाजी हसला नाही, पण ओट्यावर बसला. म्हणाला, आज सांगायचंच होतं, जया कालच आली आंबिवलीहून. काळुरामांनी तो तीन तोंडांचा फोटो चौकटीत घालून ओटीवर लावला आहे. आल्यागेल्याला दाखवतात की बघा, आंबिवलीत दत्तगुरूंसारखा मीच एकटा. यंदा त्यांनी निरोप धाडला आहे की सुनेचा फोटो त्याच दोघांकडून काढून पाठवा. हे ऐकून गोविंदाने मान खाली घातली. दामाजीने मग त्याला जे विचारलं ते सगळ्या गावाच्या मनात होतं. वाटे घालताना कॅमेरा मधोमध का तोडला? निदान एकाच्या तरी कामाला आला असता.

गोविंदा काचेकडेच बघत बोलला.

"आख्खा क्यामेरा एका बाजूला ठेवला असता त धाकटा म्हनून यानीच उचलला असता. मंग मना याच्या घरा जावाला कारनच नसता रायला."

गुणाजी त्याच्याकडे बघत राहिला. "मंग इतके म्हैने आयलास का नाय?"

"मना वाटला तू येशील."

"मी बी त्याचसाठी भिंग उचलला," गुणाजी म्हणाला. "मना वाटला तू येशील."

मला हसावं की दोघांच्या टाळक्यात तिवई घालावी ते कळेना. ठमा पदराने डोळे पुसत होती आणि तोंडाने शिव्या देत होती. मलाही रडू आलं, लपवत नाही. इतके महिने माझ्या घरातला माणूस फळीवरची पेटी बघत बसला होता तो भांडणामुळे नव्हे. तो मित्राची वाट बघत होता, आणि मित्र तिकडे तांदळाच्या डब्याशी बसून त्याची.

धुळवडीच्या सकाळी सगळा गाव बांधावर उभा राहिला. जया पुढे, दामाजी मधे, कुत्री जमतील तशी. फडकं आमच्या धावदोऱ्याचंच होतं. गोविंदाने टिचकी मारली, गुणाजीने आधी काहीतरी सांगून गावाला आतून हसवलं आणि मग टोपी उचलली. एक लाट आली, एक लाट गेली.

लोक पांगायला लागले तेव्हा मी गोविंदाला म्हटलं, एक काच अजून घाला. आतापर्यंतचे सगळे शिमगे बघा, गावातलं प्रत्येक माणूस त्यांत आहे, तुम्ही दोघे नाही. आता उभे राहा. गोविंदा म्हणाला, पेटी कोण बघणार? मी फडक्यात शिरले आणि ठमा टोपीपाशी जाऊन उभी राहिली. तेव्हा दोघे जाऊन बांधावर उभे राहिले.

उलटे टांगलेले ते दोघे मला काचेवर दिसले. गोविंदा ताठ, हात मांडीला चिकटलेले. गुणाजी त्याच्या खांद्याला खांदा लावून. तेवढ्यातही गोविंदा मला सांगत होता, तिवईचा डावा पाय खाली घे, खाडी कलेल. ठमाला सांगत होता, दोन लाटा, चार नको. गुणाजीला सांगत होता, तू हललास तर याद राख. मी काच बसवली आणि टिचकी मारली. ठमाने टोपी उचलली. पहिली लाट गेली, आणि दुसरी येता येता गुणाजीचे ओठ किंचित हलले.

काच धुतली तेव्हा आम्ही चौघेही कणगीच्या खोलीत होतो. गुणाजी जन्मात पहिल्यांदा खांबासारखा स्थिर आलेला. आणि त्याच्या शेजारी गोविंदाची तीन तोंडं. एक डावीकडे हसणारं, एक उजवीकडे हसणारं आणि एक गुणाजीकडे वळून हसणारं.

गोविंदाने काच कंदिलापुढे धरली. मी चाचरत, आमचं मोजणं चुकलं असेल, असं म्हणायला लागले, तर त्याने मान हलवली. मोजणं बरोबर होतं म्हणाला. खाडीसुद्धा सरळ होती म्हणाला. बिघडलेली काच त्याने आजवर कधी घरात ठेवली नव्हती, म्हणून गुणाजीने ती फोडायला हात पुढे केला. गोविंदाने दिली नाही. पुन्हा एकदा स्वच्छ पाण्यात धुतली, धोतराच्या सोग्याने कडा पुसल्या आणि वाळल्यावर काचांच्या खोक्यात सगळ्यात वर ठेवली. मग हातोडी मागून घेतली आणि भिंगाची फळी पेटीच्या तोंडात कायमची ठोकून टाकली.